बाळंतिणीचा डबा: जेवण झकास, कार्डावरचा दावा अर्धाच

कर्वेनगरला एक काकू बाळंतिणींचे डबे देतात. नाव नाही, पाटी नाही, ऑनलाइन ऑर्डर तर नाहीच. एका वेळी चार-पाच बाळंतिणींपेक्षा जास्त घेत नाहीत, त्यामुळे माझा नंबर कुठे टाकू नकोस असं त्यांनीच बजावलंय. ओळखीत कुणी नुकतं बाळंत झालं असेल तर विचारा, मिळून जाईल. तसे असले डबे आता पुण्यात, ठाण्यात, नाशकात बऱ्याच जणी देतात आणि आतले पदार्थ थोड्याफार फरकाने तेच असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कुणाकडचाही लावलात तरी उपयोगी पडेल.

माझं बाळंतपण गेल्या पावसाळ्यात झालं, सिझेरियन. आई बार्शीहून आली होती, पण तिचे गुडघे बघता तिला बाळाला अंघोळ घालायची की ओट्याशी उभी राहायची, यातलं एकच काहीतरी झेपणार होतं. सासूबाईंच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे. नवऱ्याचा स्वयंपाक खिचडीपाशी सुरू होऊन खिचडीपाशीच संपतो. तेव्हा डबा.

दर: दिवसाचे साडेचारशे रुपये, त्यात दुपारचं आणि संध्याकाळचं जेवण, सकाळची खीर, लाडू आणि मुखवास. सव्वा महिन्याचे पैसे आगाऊ. स्टीलच्या चार पुडांच्या दोन डब्यांचं डिपॉझिट वेगळं. महाग वाटतं, मलाही वाटलं. पण आईने गोडंबी, खारीक, डिंक आणि साजूक तुपाचे भाव जोडून पाहिले आणि म्हणाली, "अगं, घालतेय ती. हात आखडता घेतलेला नाही." माझ्या आईकडून असं प्रमाणपत्र मिळवणं सोपं नाही.

आता जेवण. सुरुवातीला आसट भात, वर मेतकूट आणि तूप, सोबत मुगाचं सपक वरण. मग हळूहळू बाजरीची भाकरी सुरू होते. ही भाकरी पातळ, पापुद्रा सुटलेली, आणि कापडात गुंडाळून येत असल्यामुळे साडेअकराला सुद्धा मऊ. शेपूची भाजी मूगडाळ घालून, वरून लसणाची फोडणी. शेपू मला जन्मात आवडला नव्हता, इथे मी डबा पुसून खाल्ला. दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा आलटून-पालटून. वांगं, बटाटा, कोबी, हरभऱ्याची डाळ अजिबात नाही, वातूळ म्हणून. लसूण-खोबऱ्याची चटणी रोज, आणि ती खरोखर चटणी असते, लाल भुकटी नव्हे. सकाळी अळिवाची खीर, नारळाच्या दुधात, गूळ घालून. अळीव रात्रभर नारळपाण्यात भिजवतात, त्यामुळे दाणा टपोरा फुगतो आणि दाताखाली येत नाही. जेवणानंतरचा मुखवास म्हणजे बाळंतशोपा, ओवा, तीळ, किसलेलं खोबरं आणि सैंधव, मंद आचेवर भाजलेला. हा एवढा मुखवास वेगळा विकला तरी मी दर महिन्याला घेईन. नवरा तर अजूनही मागतो, त्याने बाळंतपण केल्यासारखा.

चवीला, स्वच्छतेला, वेळेला पैकीच्या पैकी. पावसात पौड रोडवर पाणी साचलं होतं त्या दिवशी सुद्धा काकूंचा मुलगा रेनकोटमधून डबा घेऊन दारात.

तक्रार आहे ती कार्डाबद्दल. पहिल्या डब्यासोबत एक लॅमिनेट केलेलं कार्ड येतं. त्यावर काय खायचं, कधी खायचं, थंड पाणी पिऊ नये, कान बांधावेत वगैरे. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत: "भरपूर दूध येईल, वजन आपोआप उतरेल." खाली: सकाळी दोन लाडू, संध्याकाळी एक.

मी चाकणच्या एका कंपनीत कॉस्टिंग बघते. एखाद्या वस्तूत काय काय गेलंय ते सुटं करून मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. लाडू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला: ४८ ग्रॅम. काकूंना प्रमाण विचारलं, त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. तूप, गूळ, सुकं खोबरं, खारकेची पूड, बदाम, गोडंबी, तळलेला डिंक, खसखस, सुंठ, जायफळ. नुसतं तूपच वजनाच्या पाव भागाहून जास्त. हिशेब केला तर एका लाडवात सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी निघतात. तीन लाडू म्हणजे सातशेच्या आसपास.

आता दुसऱ्या बाजूचा आकडा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी ज्या शिफारशी काढल्या, त्यात अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जादा लागतात असं धरलंय, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. जादा म्हणजे नेहमीच्या जेवणावर. बैठं काम असलेल्या बाईचं नेहमीचं १६६० धरलंय. बाळंतीण सव्वा महिना पलंगावरच असते, म्हणजे बैठ्यापेक्षाही बैठं. थोडक्यात, पाजण्यासाठी जे काही जादा हवंय ते तीन लाडवांतच पुरं होऊन वर उरतं. खीर, भाकरीवरचं तूप, संध्याकाळचा खसखशीचा शिरा हे सगळं त्याच्याही वर. मग वजन आपोआप उतरणार कुठून? शरीराने साठवलेल्या चरबीला हात लावायची वेळच येत नाही.

निसर्गाची योजना खरं तर उलटी आहे. गरोदरपणात मांड्यांवर, कमरेवर जी चरबी चढते, ती पुढे दुधासाठी कामी यावी म्हणूनच चढते. दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध तयार होतं, शंभर मिलीत पासष्ट-सत्तर कॅलरी, म्हणजे दुधातूनच पाचशे जातात, शिवाय ते बनवायला लागणारी ऊर्जा वेगळी. यातला काही भाग अंगावरच्या साठ्यातून गेला तर बाई हळूहळू पूर्ववत होते. पण साठ्याच्या दारात आपणच रोज तीन लाडू घेऊन उभे राहिलो तर साठा तसाच राहतो.

आमच्या पणज्यांना हे लाडू का लागायचे तेही उघड आहे. बाळंतपणाआधी शेवटच्या दिवसापर्यंत पाणी भरायचं, दळायचं, आणि पोटाला मिळायचं ते सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. तिच्यासाठी सव्वा महिना हीच काय ती हक्काने तूप खायची वेळ. मी नवव्या महिन्यातही लॅपटॉप मांडीवर घेऊन मिल्कशेक पीत होते. गरोदरपणात माझं वजन १४ किलो वाढलं होतं. मला आणि तिला एकच माप कसं लागू पडेल?

दुधाचं म्हणाल तर, लाडवाने दूध येतं यावर आमच्या घरात कुणाचाच अविश्वास नव्हता, आणि माझा अर्धाच होता. पोटभर जेवण, भरपूर पाणी आणि झोप हवीच, त्यात वाद नाही. पण दूध मुळात बनतं ते बाळ ओढतं म्हणून. बाळ जितकं ओढेल आणि स्तन जितके रिकामे होतील, तितकं पुढचं तयार होतं. रात्री पाजणं महत्त्वाचं, कारण त्या वेळी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, जास्त असतं. मेथी, शतावरी यांच्यावर अभ्यास झालेत, पण त्यांचे निकाल कच्चे आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. बाळाने तोंडात नीट धरलंय की नुसतं टोकाला लटकलंय, हे बघायला दवाखान्यातल्या सिस्टरने जी दहा मिनिटं दिली, ती माझ्यासाठी कोणत्याही कल्पापेक्षा मोलाची ठरली.

तरी आमच्याकडे वरचं दूध द्यावं लागलं. लेक जन्मली तेव्हा २.६ किलोची. पहिल्या काही दिवसांत बाळांचं वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे माहीत होतं. हिचं भरेना. टाके दुखत होते, कुशीवर वळता येत नव्हतं, दूधही उशिरा उतरलं. बालरोगतज्ज्ञांनी काटा बघितला, मला पाजताना बघितलं आणि म्हणाले, आधी अंगावर पाजा, मग वरून थोडं फॉर्म्युला, वाटी-चमच्याने, बाटली नको. आईने बार्शीहून आणलेलं चांदीचं बोंडलं बाहेर काढलं. ज्या बोंडल्याने मला गुटी पाजली त्यानेच नातीला पावडरचं दूध. उकळून कोमट केलेल्या पाण्याच्या ३० मिलीला एक सपाट चमचा, डब्यातलाच. दाबून भरायचा नाही आणि 'जरा पातळ करू' हेही नाही. इथे आईशी थोडं वाजलं, कारण पातळ दूध पचायला हलकं असं तिचं मत. पातळ दूध म्हणजे बाळ उपाशी, एवढं समजल्यावर मात्र मापाचा चमचा तिने स्वतःच्या ताब्यात घेतला.

या काळात काकू कशा वागल्या, हे या परीक्षणात यायलाच हवं. त्यांना कळलं तेव्हा पहिलं वाक्य आलं ते, "अगं, लाडू खात नाहीस वाटतं पुरते." हे ऐकून मला रडू आलं होतं, तिसऱ्या आठवड्यात तसंही कशानेही येतं. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतः डबा घेऊन आल्या, बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, त्यांच्या धाकट्याला गाईचं दूध पाणी घालून दिलं होतं, तेव्हा कुठला फॉर्म्युला. मग स्वतःहून डब्यात मुगाचं कढण वाढवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. बाई मनाने मोठी आहे. कार्ड बदललेलं नाही, ते वेगळं.

या निमित्ताने एक गंमत लक्षात आली. फॉर्म्युलाच्या डब्यावर आईचं दूध सर्वोत्तम असं छापणं सक्तीचं आहे. १९९२ च्या कायद्याने बाळदुधाची आणि बाटलीची जाहिरात करायलाच बंदी आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला, आणि ते योग्यच आहे. पण आईच्या तोंडात जाणाऱ्या गोष्टी? लाडू, कल्प, ग्रॅन्युल्स, 'पोस्टपार्टम' चहा, पोट आत नेणारे पट्टे. फोनवर 'बाळंत' शब्द टाइप करायचा अवकाश, दहा जण वजन उतरवून द्यायला हजर. माझ्या नणंदेने असा एक महागडा ऑनलाइन प्लॅन घेतला होता. बाळ जेमतेम महिन्याचं, आणि त्यांनी तिची पोळी बंद केली. ती चक्कर येऊन बसल्यावर सासूबाईंनी तो प्लॅन बंद केला. त्यापुढे काकूंचं कार्ड म्हणजे अगदीच निरागस.

पाजल्याने वजन उतरतं का, या प्रश्नावर आमच्या मजल्यावर दोन नमुने समोरासमोर होते. मी अंगावर आणि वरचं असं दोन्ही देणारी, वजन जिथल्या तिथे. समोरच्या फ्लॅटमधली, जुळी असल्यामुळे जवळजवळ सगळं फॉर्म्युलावर, आणि चार महिन्यांत जुन्या जीन्समध्ये. खाली बाकावर बसणाऱ्या आज्यांना हे कोडं सुटेना. त्यात कोडं काही नव्हतं. तिला दोन बाळांमागे धावताना जेवायला फुरसत नव्हती आणि लाडू करून देणारं कुणी नव्हतं. मला दोन्ही होतं.

मोठ्या अभ्यासांतही उत्तर 'हो, पण' असंच येतं. डेन्मार्कमध्ये सुमारे ३६ हजार आयांच्या नोंदींवरून २००८ साली असं दिसलं की जितकं जास्त आणि जितके जास्त महिने पाजलं, तितकं अंगावर राहिलेलं वजन कमी. ज्यांचं गरोदरपणात बारा किलोच्या आसपास वाढलं होतं, त्यांना सहा महिने पूर्ण अंगावर पाजून ते जवळपास सगळं उतरवता येण्यासारखं होतं. त्याआधी, १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या अभ्यासात वर्षभर पाजणाऱ्यांचं पहिल्या महिन्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत सरासरी ४.४ किलो उतरलं, लवकर फॉर्म्युलावर गेलेल्यांचं २.४. म्हणजे वर्षभरात दोन किलोंचा फरक, आणि तोही पहिल्या तीन महिन्यांत दिसत नाही. सव्वा महिन्यात तर नाहीच नाही. त्या काळात जे उतरतं ते बाळ, वार आणि अंगात साठलेलं पाणी. त्याचं श्रेय लाडवालाही नको आणि पट्ट्यालाही नको.

शिवाय इतर बऱ्याच अभ्यासांत हा फरक फारसा सापडलेलाच नाही, कारण पाजणारीला भूक लागते. ही भूक काय असते हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच माहीत आहे. पहाटे तीन वाजता बाळ चिकटलेलं असताना मी एका हाताने लाडवाचा डबा उघडायला शिकले होते. दुधातून पाचशे गेले आणि अंधारात पाचशे आत आले, हिशेब शून्य.

यातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला अभ्यास २००० सालचा, नॉर्थ कॅरोलायनातला. वजन जास्त असलेल्या, पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आयांनी बाळ महिन्याचं झाल्यावर खाणं बेताने कमी केलं, व्यायाम सुरू केला आणि आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरवलं. बाळांच्या वाढीत काही फरक पडला नाही. म्हणजे बेताने खाल्लं की दूध आटतं ही भीतीही खरी नाही आणि पाजलं की सगळं आपोआप होतं हेही नाही. बेताने याचा अर्थ नणंदेसारखी पोळी बंद करणं नव्हे. आणि सिझेरियनवाल्यांनी व्यायामाचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये.

मी शेवटी डब्यातच बदल करून घेतले, आणि काकूंनी कुरकुर न करता ते केले. तेच इथे सांगते, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून मागता येतील.

लाडू लहान वळायला सांगा. काकू आता माझ्या सांगण्यावरून पंचवीस ग्रॅमचेही वळतात, लिंबाएवढे. सकाळी एक, रात्रीच्या पाजण्यासाठी उशाशी एक. भूक लागली तर खा, कार्डावर लिहिलंय म्हणून नको. मेथीचे लाडू ज्यांना सोसतात त्यांनीच घ्यावेत. मला त्यांनी जुलाब झाले, आणि बाळाच्या अंगाला मेथीचा वास येतोय असं नवऱ्याचं म्हणणं पडलं.

प्रथिनं या डब्यात कमी पडतात. पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज १७ ग्रॅम प्रथिनं जादा हवीत, आणि वाटीभर पातळ वरणात सहा-सात ग्रॅमही मुश्किलीने असतात. तुपाबाबत सढळ असलेला हात डाळीपाशी येऊन आखडतो, हा आपल्या सगळ्याच बाळंत-जेवणाचा दोष आहे. घट्ट वरण मागा, मुगाचं धिरडं मागा. काकूंकडे अंडं मिळत नाही. आम्ही ते घरी उकडायचो, खिडकी उघडी ठेवून, आई पूजेला बसायच्या आत. दही त्या देत नाहीत, बाळाला सर्दी होते म्हणून. मी ते घरचं खाल्लं आणि बाळाला काही झालं नाही.

अळिवाची खीर मात्र कमी करू नका. अळिवात लोह चांगलं असतं आणि बाळंतपणात रक्त जातंच. काकू वर लिंबू पिळायला सांगतात, तेही बरोबर, लोह अंगी लागतं. पण डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांच्या जागी खीर असं करू नका. एकीने तसं केलं आणि तिचं हिमोग्लोबिन तिथेच राहिलं, हेही काकूंनीच मला सांगितलं.

कार्डासोबत काढ्याची बाटलीही येते. मी ती घेतली नाही, कारण त्यात काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं आणि काकूंनाही नीट सांगता आलं नाही, त्या बाहेरून आणतात. कान बांधणं, पाणी कमी पिणं यांतलं कान बांधणं मी आईसाठी केलं. पाणी कमी प्यायचं मात्र ऐकू नका. पाजायला बसलं की तहान लागतेच, शेजारी तांब्या ठेवा.

आता वजनाचं. लेक सात महिन्यांची आहे, नाचणीसत्त्व आणि घरचा भात खाते, वरचं दूध तिसऱ्या महिन्यातच हळूहळू सुटलं आणि अंगावरचं अजून चालू आहे. वाढलेल्या चौदापैकी नऊ उतरलेत. त्यातले किती दुधाने गेले, किती वेताळ टेकडीच्या चढाने आणि किती लाडू निम्मे केल्याने, हे मला सुटं करून मांडता येत नाही, कॉस्टिंगवाली असूनही. सव्वीस आठवड्यांची रजा संपलीय, कंपनीच्या बसमध्ये रोज येताजाता तीन तास जातात आणि दुपारी दूध काढायला मीटिंगरूमची किल्ली मागावी लागते. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, त्यात कौतुक कमी असेल.

तर डबा घ्यावा का? घरात करणारं कुणी नसेल तर डोळे मिटून घ्या. करणारं असेल तर फक्त खीर, मुखवास आणि लहान लाडू घ्या, काकू सुटंही देतात. वजन उतरवायचं म्हणून घेत असाल तर घेऊ नका, त्याचं हे काम नव्हे. वरचं दूध देत असाल तरी घ्या, टाके भरायला आणि रक्त भरून यायला जेवण तितकंच लागतं, बाळ काय पितंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही. फक्त पाजणारीच्या त्या जादा सहाशे कॅलरी तुमच्या वाट्याला पूर्ण येत नाहीत, तेवढं धरून लाडू मोजा.

सातव्या महिन्यातच नाव नोंदवावं लागतं, श्रावण-भाद्रपदात तर त्याही आधी. डिपॉझिट डबे परत केल्यावर लगेच मिळतं, पण झाकणं मोजून घेतात. माझं एक हरवलं होतं, त्याचे साठ रुपये कापले.